वादळांची सेवानिवृत्ती

अटलांटिक महासागरातील चक्रीवादळांना जागतिक हवामान संघटनेच्या सहा याद्यांतून आळीपाळीने नावे दिली जातात आणि प्रत्येक यादी सहा वर्षांनी पुन्हा वापरात येते. अपवाद त्या नावांचा, जी अतोनात हानी केल्याबद्दल संघटनेची समिती सन्मानपूर्वक कायमची निवृत्त करते. निव्वळ विक्रम हा मात्र त्यासाठी पुरेसा गुण मानला जात नाही. 2005 च्या जुलैत एमिलीने पाचवी श्रेणी, म्हणजे ताशी 252 किलोमीटर वा अधिक वेगाचे वारे, तोवरच्या कोणत्याही वादळापेक्षा लवकर गाठली, तरी तिचे नाव यादीत राहिले. तो उच्चांक 2024 मध्ये मोडणाऱ्या बेरिलला मात्र पुढच्याच वर्षी निवृत्ती लाभली, कारण तिने ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटावर बहुतेक घरांची छपरे उडवली होती.

गॉर्डनची सेवापुस्तिका याहून बोलकी आहे. 1994 मध्ये त्याने एकट्या हैतीत हजाराहून अधिक बळी घेतले, आणि तरीही तो 2000 पासून 2024 पर्यंत दर सहा वर्षांनी इमानेइतबारे कामावर रुजू होत राहिला. मृत माणसे कोणत्या देशाच्या खात्यावर पडतात, याचाही सेवाशर्तींशी काही संबंध असावा.

उत्तर हिंद महासागरात 13 देशांनी सुचवलेले प्रत्येक नाव एकदाच वापरण्याचा नियम असल्यामुळे, 2020 मध्ये श्रीवर्धनकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या करणारे ‘निसर्ग’ आणि भर समुद्रात विरून जाणारे एखादे किरकोळ वादळ सारख्याच मानाने निवृत्त होतात, आणि समितीला चहापुरतेही काम उरत नाही.