वाऱ्यावर गार राहणारे घर

वास्तुकलेच्या स्टुडिओंनी साधलेली प्रगती अभिनंदनास पात्र आहे. १९८२ साली ऑटोकॅड आले आणि यथावकाश टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर व बोटांवरचे शाईचे डाग सन्मानपूर्वक निवृत्त झाले. आता ‘वीज वाचवणारे, वाऱ्यावर गार राहणारे घर’ असा विषय मिळाला, की त्याची एक मिनिटाची फिल्म लागते. सेकंदाला २५ चित्रे, म्हणजे एकूण १५००. प्रत्येकी ४ मिनिटे धरली तरी संगणक सलग १०० तास राबणार. तो तापू नये म्हणून एसी. (विद्यार्थ्यांना खिडकी आहे; स्क्रीनवर ऊन येते म्हणून ती बंद असते.)

आमची नम्र सूचना अशी, की यापुढे घरेही ग्राफिक्स कार्डांसाठीच बांधावीत. त्यांना स्वयंपाकघर लागत नाही, संडास लागत नाही. एफएसआय वाचतो तो वेगळाच.

परीक्षकांनी फिल्म एकमुखाने वाखाणली. मावळतीचे ऊन, अंगणात गुलमोहर, भिंतींतून अलगद आत शिरणारा कॅमेरा! चहा घेऊन आलेल्या शिपायाने तेवढे विचारले, घराला दार कुठे आहे?

दार पुढच्या व्हर्जनमध्ये येईल, असे शिपायाला कळवण्यात आले आहे.