बघणाऱ्यांची गाडी

वेगवान, उंची कूपे बाजारात आली की जगभरचे शौकीन आधी तिचा वेग विचारतात. पुण्यात पहिला प्रश्न येतो, "पण ही लावणार कुठे?" विचारणाऱ्याला गाडी घ्यायची नसते, घेणाऱ्याला तो ओळखत नसतो आणि गाडी अजून शोरूमच्या काचेआडच असते. तरी परक्याच्या पार्किंगची काळजी त्याला अगदी मनापासून वाटते. लक्ष्मी रस्त्याच्या आसपास पी-वन, पी-टूच्या पाट्या वाचत आज तारीख सम की विषम याचा हिशेब करण्यात ज्याची हयात गेली, त्याला पावणेपाच मीटर लांबीची देखणी गाडी दिसली की तिच्यामागे उचलून नेणारा ट्रकही दिसतो.

२०२० च्या नोव्हेंबरात मर्सिडीज-बेंझनं एएमजी जीएलसी ४३ कूपे बाजारात आणली. एएमजी म्हणजे मर्सिडीजमधलं तालीमबाज घराणं. भारतात जुळणी झालेली त्या घराण्यातली ही पहिली गाडी, आणि जुळणी झाली आपल्या चाकणला. तीन लिटरचं सहा सिलिंडरांचं इंजिन, दोन टर्बो, ३९० अश्वशक्ती, शून्यापासून ताशी शंभर किलोमीटरचा वेग ४.९ सेकंदांत. शोरूममधली किंमत ७६ लाख ७० हजार. दिवस करोनाचे होते, त्यामुळे अनावरणही पडद्यावरच झालं. लोकांनी मास्क हनुवटीवर ओढून ती फोनवर पाहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडीवर तिचा निकाल लावला.

टेकडी म्हणजे एआरएआयची. देशातल्या गाड्यांच्या चाचण्या घेणारी ही संस्था १९६६ पासूनची. तिचं आवार वेताळ टेकडीवर आहे, आणि त्या अंगानं चढून फिरायला येणाऱ्यांत निवृत्त इंजिनिअरांचा भरणा मोठा. आत गाड्यांची अधिकृत चाचणी होते, बाहेर अनधिकृत. बाहेरची जास्त कडक.

"चार दारं आहेत हो."

"मग कूपे कसली? कूपेला दोन दारं."

"हल्ली छत मागे उतरतं केलं की कूपे म्हणतात."

"छत उतरतं केलं की मागे बसणाऱ्याचं डोकं आपटतं. आमच्या सुनेचे वडील सहा फूट आहेत. त्यांना कुठे बसवायचं?"

ज्यांच्याकडे ही गाडी कधीच येणार नव्हती, त्यांनी त्या न येणाऱ्या गाडीत व्याह्यांची आसनव्यवस्थासुद्धा लावून पाहिली होती. यापेक्षा जास्त आपुलकी एखाद्या गाडीला कुठल्या शहरात मिळणार?

मग तरण्या मंडळींनी ठेवणीतला आक्षेप काढला. इंजिनावर सही नाही. जर्मनीतल्या ॲफल्टरबाखच्या कारखान्यात एकच कारागीर अख्खं इंजिन हातानं जोडतो आणि वर आपल्या सहीची पट्टी बसवतो, ही एएमजीची जुनी रीत. त्या वेळच्या ४३ मालिकेच्या व्ही-सिक्स इंजिनाला मात्र तो मान नव्हता. हे खरंच आहे, आणि जाणकारांत यावरून जगभर कुरकुर झाली. पण सही नाही म्हणून माल घेऊ नये, हा निकष खास आपला. पावतीवर शिक्का नसेल तर आपण महापालिकेचीसुद्धा पावती परत करतो.

टेल्कोतून निवृत्त झालेल्या एका काकांनी सगळं ऐकून घेतलं. (टेल्कोची टाटा मोटर्स २००३ मध्येच झाली, पण टेकडीवर ही बातमी अजून पोहोचलेली नाही.) फोन डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी गाडी मागून पाहिली आणि म्हणाले, "चिखलातून उठायला लागलेल्या म्हशीसारखी दिसते." थोडं थांबून पुढे म्हणाले, "पण उठतेय छान."

बाहेरगावच्या माणसाला हे सगळं खवचटपणाचं वाटतं. मला तसं वाटत नाही. या गावात गाडीला नावं ठेवणाऱ्याचा हात कधीतरी कुठल्या ना कुठल्या गाडीला लागलेला असतो. मर्सिडीजची भारतातली जुळणी १९९५ च्या सुमारास सुरू झाली तीच टेल्कोच्या पिंपरीच्या आवारात. चाकणचा स्वतंत्र कारखाना २००९ मधला. मर्सिडीजच्या इथे तयार होणाऱ्या गाड्यांसाठी इंजिनांची जुळणी फोर्स मोटर्स करत आली आहे, म्हणजे पूर्वाश्रमीची बजाज टेम्पो. घराचं सामान ज्या टेम्पोतून हललं त्या टेम्पोवाल्यांनी मर्सिडीजची इंजिनं जोडावीत, यावर पुण्याबाहेर कोणाचा विश्वास बसत नाही, आणि पुण्यात कोणाला नवल वाटत नाही. भोसरीतल्या एखाद्या गाळ्यात कोणाच्या तरी आतेभावानं लेथवर बुश कातलेले असतात, कोणी आयुष्यभर 'जॉब' मायक्रॉनमध्ये मोजलेले असतात. असा माणूस शोरूममध्ये गेला की दार आणि पत्र्यामधल्या फटीवरून अंगठ्याचं नख फिरवतो. विक्रेता तरुण अस्वस्थ होतो. त्याला वाटतं ओरखडा पडेल. नख फिरवणारा दोन्ही बाजूंची फट सारखी आहे का ते बघत असतो.

आणि बऱ्याचदा ती सारखी असते. मग त्याचा चेहरा जरा पडतो.

आपल्याकडे अशी मोटार करण्याची हौस मात्र नवी नाही. सायरस पूनावाला विशीत असताना त्यांनी शाळेतल्या एका मित्राबरोबर दोन मोटारी तयार केल्या होत्या, आणि त्यांतली एक जॅग्वारच्या डी-टाइपवर बेतलेली होती. डी-टाइप म्हणजे १९५५, ५६ आणि ५७ अशी लागोपाठ तीन वर्षं ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकणारी गाडी. तिची नक्कल पुण्यात, आणि तीही मोटार घ्यायची तर नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे त्या काळात! ती पाहून पुणेकर काय म्हणाले असतील ते कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण "इथे शर्यत आहे कुठे?" हे वाक्य कोणीतरी नक्की टाकलं असणार. मोटारीचा धंदा फार भांडवल मागतो हे पूनावालांना वेळीच उमगलं. घरच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे सीरम काढण्यासाठी जात. त्यातून १९६६ मध्ये लशी बनवणारी सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली, म्हणजे एआरएआयच्याच वर्षी. अश्वशक्तीचा नाद सुटला आणि अश्वच कामाला आले. पुढे २०२० च्या त्याच नोव्हेंबरात, चाकणची कूपे बाजारात आली त्या महिन्याच्या २८ तारखेला, पंतप्रधान लशीची तयारी बघायला सीरममध्ये येऊन गेले. घरातला मोटारीचा नाद मात्र पुरता सुटला नाही. सायरस यांचे चिरंजीव आदर पूनावाला यांनी आपल्या मुलाच्या वाढदिवसाला मर्सिडीज एस-क्लासची बॅटमोबाइल करून घेतली आणि ती पुण्याच्या रस्त्यावर दिसली, तेव्हा पहिली चर्चा झाली ती "आरटीओ पास करेल का?" याची.

मोटारींना नवे आकार देणाऱ्या दिलीप छाब्रियांनीही ही हौस केली. त्यांची अवंती ही गाडी २०१२ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत आली. पडदा अमिताभ बच्चन यांनी दूर केला. दोन दारं, इंजिन सीटच्या मागे, म्हणजे टेकडीच्या कसोटीला उतरणारी कूपे. पण इंजिन रेनोचं. "मग आपलं काय?" "आकार आपला." "आकाराला रस्ता लागतो हो, खाली टेकेल." विषय तिथेच संपला.

खरी हळहळ वाटते ती रेसमोची. मार्च २०१७ मध्ये टाटा मोटर्सनं जिनिव्हाच्या प्रदर्शनात ही दोन माणसांची छोटी कूपे मांडली. १.२ लिटरचं इंजिन, १९० अश्वशक्ती, शंभराचा वेग सहा सेकंदांच्या आत. आकार इटलीतल्या तुरीनच्या स्टुडिओत घडला, पण नाव टाटांचं, म्हणजे गाडी पिंपरीच्या नात्यातली. टेकडीवर त्या आठवड्यात चक्क कौतुक चाललं होतं. किंमत परवडेल अशीही कुजबुज होती. गाडी 'फोर्झा होरायझन' या व्हिडिओ गेममध्ये आली, नातवंडांनी ती पडद्यावर पळवली. रस्त्यावर ती कधीच आली नाही. कारखान्याच्या दारातून निघून नाशिक फाट्यावर अडकण्याचं भाग्य तिला लाभलं नाही. कोणी तिच्या फटीवरून नख फिरवलं नाही, कोणी डिकीत पाण्याचा कॅन मावतो का ते पाहिलं नाही. सगळे तिच्याविषयी अजून चांगलंच बोलतात, आणि एखाद्या गाडीच्या बाबतीत पुण्यात यापेक्षा वाईट काही घडू शकत नाही.

नावं ठेवायला गाडी समोर उभी लागते. घेणाऱ्याला तिचा हप्ता असतो, विमा असतो, दर ओरखड्याला काळजात कळ असते. बघणाऱ्याला यातलं काही नसतं, त्यामुळे गाडी खऱ्या अर्थानं तोच भोगतो. चौकात लाल दिव्याला अशी एखादी कूपे येऊन थांबली की दोन्ही बाजूंच्या स्कूटरवाल्यांच्या माना एकदम वळतात. आत बसलेल्याला तेव्हा फक्त पुढच्या पीएमटीची पाठ दिसत असते. (पीएमपी म्हणायला हवं, पण टेकडीचा संसर्ग मलाही झालाय.) गाडीची रेषा, चाकांच्या आतला लाल ब्रेक, मागची चार धुरांडी, हे सगळं बाहेरच्यांच्या वाट्याला.

एकदा एका शोरूमबाहेर अशाच गाडीभोवती कोंडाळं जमलेलं मी पाहिलं. अर्धा तास तिचं शवविच्छेदन चाललं होतं. टायर फार रुंद, पावसात पाणी उडवतील. काच फार तिरकी, उन्हात कातडी सीट तापतील. ॲव्हरेज विचारू नका, विचारलं तर ऐकू नका. शेवटी मालक चावी घेऊन आला आणि इंजिन सुरू झालं. सगळे गप्प. मालकानं गाडी पुढे काढायला सुरुवात केली, तेव्हा सगळ्यात जास्त दोष काढणारे आजोबा काचेशी वाकले आणि म्हणाले, "अहो, जरा बंद करून पुन्हा एकदा चालू करता का? मघाशी मोटारसायकल गेली, नीट ऐकू आलं नाही."

तेव्हा ज्यांनी कूपे घेतली आहे, आणि जे घेण्याच्या विचारात आहेत, त्यांना एक विनंती आहे. रविवारी उजाडता लोणावळ्याकडे सुटण्याआधी चहाच्या टपरीपाशी जरा थांबा. बॉनेट उघडा. दोन दारांवरून, सहीवरून, पार्किंगवरून आम्ही जे बोलू ते ऐकून घ्या, मनाला लावून घेऊ नका. द्रुतगती मार्गावर मोटारीला वेगमर्यादा शंभरचीच आहे. तिथवर पोहोचायला तुम्हाला ४.९ सेकंद पुरतात. उरलेल्या वेळातली दहा मिनिटं आम्हाला द्या.