गाडी बंद, रेडिओ चालू

पन्नास वर्षे पुरी झालेल्या गाडीला केंद्र सरकारने २०२१ च्या नियमांनी ‘व्हिंटेज’ हा दर्जा देऊ केला. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. मग ही गाडी रस्त्यावर आणायची ती ठरावीक कारणांपुरतीच: प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती. इतके अचूक निरीक्षण सरकारी कागदात क्वचित आढळते. धाराशिवात आमच्या ओळखीचे एक काका आहेत. त्यांची साठच्या दशकातली ॲम्बेसिडर गेली कित्येक वर्षे यातल्या शेवटच्या दोन कारणांसाठीच फाटकाबाहेर पडते. नियमाचा मसुदा करणारा अधिकारी कधीतरी काकांच्या अंगणात चहा पिऊन गेला असावा.

जी गाडी कुठे जायचीच नाही, तिला काय लागते? व्यवहारी माणसे म्हणतील, आधी ब्रेक बघा, टायर बघा. व्यवहारी माणसांचे नेहमी असेच होते. उभ्या गाडीला ब्रेकइतकी बिनकामाची वस्तू नाही. उभ्या गाडीत बसून करण्याजोगे काम एकच, रेडिओ ऐकणे. म्हणून काकांनी ब्रेकचा विषय मागे ठेवून रेडिओचा हाती घेतला. जुना रेडिओ मुका झाला होता, त्याच्या जागी नवा घ्यायचा, आणि घ्यायचा तो स्वस्तातलाच. नीती आयोगाने २०१८ मध्ये आमचा जिल्हा ‘आकांक्षित जिल्ह्यां’च्या यादीत घातला, तेव्हा आकांक्षा म्हणजे नेमके काय हे अनेकांना कळले नव्हते. त्यांनी काकांना भेटावे.

तसे पाहिले तर गाडी आणि रेडिओ या दोन्हींची एकदम गरज या जिल्ह्याला एकदाच पडली. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरल्या आणि त्याच दिवशी इथले नळदुर्ग हाती आले. १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली, आणि पुढे थोड्याच दिवसांत हैदराबादच्या रेडिओवरून स्वतः भाषण करून प्रजेला परिस्थिती समजावून सांगितली. गाड्यांनी आपले काम केले, रेडिओने आपले. त्यानंतर आजवर गाडीत बसून ऐकलेच पाहिजे असे या भागात काही घडलेले नाही. काका तयारीत आहेत.

मोटारीतल्या रेडिओची परंपरा मात्र मोठी, आणि तिला एका मराठी माणसाचा हातभार लागलेला आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. श्रोत्यांची अभिरुची सुधारावी म्हणून त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार झाली. अभिरुची जिथल्या तिथे राहिली आणि श्रोते रेडिओ सिलोनला गेले. १९५२ च्या अखेरीस तिथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. इकडे विविध भारती यायला १९५७ चा ऑक्टोबर उजाडला. मधल्या काळात ज्याच्या गाडीतल्या रेडिओला सिलोन पकडणारी शॉर्टवेव्ह होती, त्याची गाडी इस्टेटीत धरली जाई. वर रेडिओ बाळगायचा म्हणजे वर्षाला पंधरा रुपयांचा परवाना, पोस्टात रांगेत उभे राहून काढलेला. तो १९८० च्या दशकात रद्द झाला. काकांना याची हळहळ आहे. परवाना होता तोवर रेडिओ ऐकणे हे काहीतरी आहे असे वाटायचे, म्हणतात.

आता निवड. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी फिरले तर दोन गोल खुंट्यांचा, मधे काचेची पट्टी असलेला अस्सल जुना संच मिळतो. तो वाजत नाही, पण वाजत नसल्याची किंमत विकणारा बरोबर लावतो. दुसरा मार्ग अमेरिकेतल्या पुतण्याचा. तिकडे जुन्या चेहऱ्याचे आणि आत ब्लूटूथ असलेले संच मिळतात. पुतण्याने तसा एक आणलाही. त्यात एकच मौज होती. अमेरिकेत मीडियमवेव्हवर दोन केंद्रांमध्ये दहा किलोहर्ट्झचे अंतर असते, आपल्याकडे नऊचे. त्यामुळे हा संच ७९० वरून उडी मारतो तो थेट ८०० वर, आणि पुणे केंद्र बसलेले ७९२ वर. देश बदलण्याची सोय अशा संचांच्या सेटिंगमध्ये कुठेतरी असते, पण ती शोधायला माहितीपुस्तिका वाचावी लागते. काका पुस्तिका वाचणाऱ्यांतले नाहीत. तो संच सध्या देवघराशेजारच्या फडताळात, खोक्यासकट, मान राखून आहे.

राहिला तिसरा मार्ग, आणि थोर माणसे ज्या मार्गाने जातात तो बहुधा हाच असतो: ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दुकानातला हजार-बाराशेचा चिनी डेक. यूएसबी, मेमरी कार्ड, ब्लूटूथ, एफएम, आणि काय वाजते आहे त्याच्याशी काडीचा संबंध न ठेवता लुकलुकणारे निळे दिवे. सोबत रिमोट. ॲम्बेसिडरच्या पुढच्या सीटवरून डेकपर्यंत हात सहज पोचतो, तेव्हा रिमोट कशाला, असे विचारणाऱ्याने मागच्या सीटवर बसणाऱ्या मालकांचा विचार केलेला नसतो. खोक्यावर छापलेले असते ‘५० वॅट × ४’, म्हणजे दोनशे वॅट. पाठीमागे फ्यूज असतो दहा अँपिअरचा. बारा व्होल्ट गुणिले दहा अँपिअर, एकशेवीस वॅट. एकशेवीस आत जातात आणि दोनशे बाहेर येतात. महावितरणने या कारखान्याशी तातडीने बोलणी सुरू करायला हवीत.

मीडियमवेव्ह मात्र या डेकला नाही. त्यामुळे पुणे गेले, परभणी गेले, उरले ते एफएम. एफएमचा स्वभाव सरळमार्गी. डोंगर आडवा आला की तो वाद घालत नाही, तिथेच थांबतो. बालाघाटच्या डोंगररांगेत राहणाऱ्याने एफएमवर भिस्त ठेवावी यात एक श्रद्धा आहे. शहरात आकाशवाणीचे धाराशिव केंद्र ठणठणीत लागते, आणि काकांची गाडी शहराबाहेर जात नाही. खर्चाचा आणि गरजेचा मेळ असा बसावा लागतो.

आता जागेचा प्रश्न. आजचे डेक ठरावीक मापाचे, साधारण १८० मिलिमीटर रुंद आणि ५० उंच. ॲम्बेसिडरचा डॅशबोर्ड घडवला गेला तेव्हा हे माप जन्माला यायचे होते. हेक्सॉ लावून पत्रा कापायला इलेक्ट्रिशियनच्या दुकानातला पोरगा तयारच होता. काकांनी त्याचा हात धरला. शेवटी जुना मुका रेडिओ जागच्या जागी ठेवला, काच पुसून, खुंट्यांना पॉलिश करून. आणि नवा डेक सामान ठेवायच्या कप्प्यात, झाकणाआड बसवला. दिसतो तो वाजत नाही, वाजतो तो दिसत नाही. ज्या गावांत सरपंचबाई खुर्चीवर आणि त्यांचे यजमान आतल्या खोलीत शिक्क्यासह बसतात, तिथल्या माणसांना ही व्यवस्था समजावून सांगावी लागली नाही.

खरी परीक्षा पुढे होती. डेक जोडला, आणि ‘फट्’ असा आवाज होऊन फ्यूज गेला. दुसरा घातला, तोही गेला. मग पोरग्याने बॉनेट उघडून बॅटरीकडे नीट पाहिले आणि ओल्या फडक्याला हात पुसत म्हणाला, “काका, हिची अर्थिंग उलटी हाय की.”

“उलटी म्हणजे? माझ्या वडलांच्या वेळेपासून अशीच आहे.”

“तेच म्हणतोय मी. तवापासनं उलटी हाय.”

पोरग्याचे बरोबर होते. ॲम्बेसिडर ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आली, त्या ब्रिटिश घराण्यात बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक गाडीच्या बॉडीला जोडायची रीत होती. आजचा प्रत्येक डेक धरून चालतो की बॉडी म्हणजे निगेटिव्ह. डेकचा पत्रा गाडीच्या पत्र्याला नुसता टेकला तरी शॉर्टसर्किट. यावर पोरग्याने तोडगा काढला तो असा: सायकलची जुनी ट्यूब उभी चिरली, डेक तिच्यात गुंडाळला, वर काळी टेप मारली, आणि क्लॅम्पच्या स्क्रूखालीही ट्यूबच्या चकत्या कापून घातल्या. मग उलट्या तारा जोडल्या. डेक सुरू झाला. निळे दिवे लागले. एका बाईने झाकणाआडून इंग्रजीत ब्लूटूथ तयार असल्याचे सांगितले. काकू पाणी घेऊन आल्या होत्या, त्या दचकून म्हणाल्या, “कोण बसलंय आत?”

आनंद एरियलपर्यंत टिकला. एरियलच्या वायरीवरची जाळी डेकच्या पत्र्याला जोडलेली असते, आणि एरियलचे बूड मडगार्डला. मडगार्डवर स्क्रू पिळला आणि पुन्हा फट्. तेव्हापासून एरियल गाडीच्या आत, आरशाच्या दांडीला सुतळीने बांधलेला असतो. पत्र्याच्या डब्यात एरियल ठेवला की जितके ऐकू यायला हवे, तितके येते.

आणि काका समाधानी आहेत. इंजिन चालू असेल तर डायनॅमोची शिट्टी आणि प्लगच्या ठिणग्यांची करकर गाण्यात मिसळते. ॲक्सिलरेटर दाबावा तशी शिट्टी चढते. दुसऱ्या कोणी कंडेन्सर लावून ती घालवली असती. काका तिच्यावरून इंजिनची तब्येत ओळखतात. इंजिन बंद केले की गाणे स्वच्छ, पण मग बॅटरी उतरते. त्यातून डेकची पिवळी तार, म्हणजे घड्याळ आणि केंद्रांची आठवण जपणारी, आणि लाल तार, म्हणजे चावीबरोबर चालू-बंद होणारी, या दोन्ही पोरग्याने एकत्र पिळून एकाच जागी जोडल्या आहेत. डेक त्यामुळे कधीच पूर्ण झोपत नाही. उपाय म्हणून काका रोज रात्री बॅटरीची केबल काढून ठेवतात. सकाळी जोडली की घड्याळात बारा वाजलेले, आणि साठवलेली सगळी केंद्रे विसरलेली. एकच केंद्र ऐकणाऱ्या माणसाने ते दररोज नव्याने शोधावे, यात जो शोधाचा आनंद आहे तो महागड्या संचवाल्यांना कधी मिळणार?

बॅटरी पुरती उतरली की गल्ली धक्का द्यायला जमते. निवडणुकीनंतर एकमेकांशी न बोलणारी माणसे त्या मागच्या डिकीला हात लावून एकत्र येतात. सामाजिक सलोख्यावर एवढ्या कमी खर्चात काम करणारी दुसरी योजना ऐकिवात नाही.

काही जण विचारतात, खिशात मोबाईल आहे, त्यावर आकाशवाणी लागते, मग हा खटाटोप का? हे लोक बहुधा देवळातही फोटोलाच नमस्कार करून येत असतील. दुसऱ्या एकाने त्याहून वर्मी घाव घातला: उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांकडे हाच डेक असतो. खरे आहे. ढोकीच्या बाजूला हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढत, हेडच्या वर भोंगे बांधून जे ट्रॅक्टर जातात, त्यांचे गाणे आधी येते आणि ट्रॅक्टर मागून. डेक तोच, फ्यूज तोच, दिवे तेच निळे. काका हे ऐकून दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ट्रॅक्टरला झाकण नसते.

सध्या पोरग्याचा आग्रह वेगळा आहे. ट्यूब-टेप किती दिवस टिकणार? गाडीची अर्थिंगच फिरवून टाकू. बॅटरीच्या तारा उलट जोडायच्या, डायनॅमोच्या फील्डला क्षणभर चटका देऊन त्याची दिशा पालटायची, कॉइलच्या तारा अदलाबदल करायच्या, अँमीटरच्याही. सेल्फला काही फरक पडत नाही. थोडक्यात, हजार-बाराशेच्या डेकसाठी साठ वर्षांच्या गाडीने आपला मूळ धर्म बदलायचा. मजुरीचा आकडा ऐकून काकांनी डेकची पावती काढून पाहिली, आणि मग पुष्कळ वेळ फाटकापाशी उभे राहिले.

वडिलांची गाडी उलटी करायला त्यांचे मन घेईना. डेक परत करावा तर दुकानदार ट्यूबमध्ये गुंडाळलेला माल घेत नाही. तेव्हा काकांनी मधला मार्ग काढला. फियाटची मूळ जात इटलीची, तिची अर्थिंग निगेटिव्ह, म्हणजे हा डेक तिच्यात सरळ बसेल. ती गाडी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची, आणि तो कारखाना ज्यांनी काढला ते वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे, तेव्हा ती आपल्याच भागातली म्हणायची. सोलापुरात एक जुनी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे नाव बदललेली फियाटच, विकायला निघाली आहे असे कळले आहे. डेक पिशवीत घालून काका रविवारी ती बघायला जाणार आहेत. एसटीने.