शून्य काढलं का?

जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीत चव्वेचाळीसकाका राहतात. चव्वेचाळीस हे वय नव्हे, वय सत्तरीपार आहे. चव्वेचाळीस हा ब्रिटनचा फोनचा कोड. मुलगी लेस्टरला दिली तेव्हापासून काका या शास्त्रातले अधिकारी. कुणी तिकडे फोन लावायला घेतला की दत्त म्हणून उभे! "४४ नंतर लेस्टरच्या ०११६ मधलं पुढचं शून्य काढलं का बे?"

काकांची तालीम झाली नव्या पेठेतल्या एसटीडी बूथवर. परदेशी फोन म्हणजे तेव्हा सरकारी व्हीएसएनएलची मक्तेदारी, ती थेट २००२ पर्यंत. मीटरवर लाल आकडे पळायचे, म्हणून काका बोलायचा मजकूर घरूनच चिठ्ठीवर लिहून न्यायचे. त्यातूनही "तब्येत कशी आहे" हे वाक्य त्यांनी खोडलं होतं. बरी नसती तर तिनंच फोन केला असता की!

ब्रिटिश नंबरांच्या कुंडल्या त्यांना तोंडपाठ. ०१ आणि ०२ घरंदाज, गावाशी बांधलेले. ०३ चा दर तिथं त्यांच्याइतकाच. ०७ मोबाइल, आपल्या कॉलिंग कार्डाची मिनिटं खायचा. ०७० मात्र सोंगाड्या. दिसायला मोबाइल, बिल आलं की घाम! २०१९ च्या ऑक्टोबरात तिथल्या दूरसंचार नियामकानं, ऑफकॉमनं, त्याला वेसण घातली, ही बातमी काकांनी लिफ्टमध्ये प्रत्येकाला सांगितली. ०८४, ०८७ ला पैसे दोन ठिकाणी: फोन कंपनीला वेगळे, समोरच्याला वेगळे. ०९ चं नाव काढलं तर काका कानाला हात लावतात.

आणि ०८००? "फुकट!" कुणीतरी खुलतो. काका याचीच वाट पाहत असतात. "फुकट तिथल्यांना. जुलै २०१५ पासून मोबाइलवरूनही फुकट. इथून लाव, एक तर लागणार नाही, लागला तर पैसे तुझे."

व्हॉट्सअॅपनं या विद्येचं मातेरं केलं. आता मुलगी रोज व्हिडिओ कॉल करते, नात पडद्यावर नाचते. काका म्हणतात, "बरंय का? बरं. ठेव." मग फोन काकूंकडे. शेंगाचटणी पोचली का, गड्ड्याच्या यात्रेला येताय का, जावयांचा खोकला... तासभर चालतं. काका घड्याळ बघत दोन खोल्यांत येरझाऱ्या घालतात. शेवटी राहवत नाही.

"अगं, पण वायफायचं बिल कोण भरतंय?"