कुंभकोणमची चौथाई

मराठ्यांनी दक्षिणेत चौथाई घेतली, सरदेशमुखी घेतली आणि विसरून गेले. तमिळनाडू विसरलेला नाही. चौथाई म्हणजे २५ टक्के, सरदेशमुखी म्हणजे वर आणखी १०. आज कुंभकोणममध्ये राज्य जीएसटी खात्याची चुकीची आकारणी खोडून काढायला निघालात, तर वाटेत हेच दोन आकडे हात पसरून उभे असतात.

समजा, पितळी समया विकणारे एक तंजावरी मराठी राव आहेत. कर झाला ४० हजार, तो त्यांनी भरला. पण जीएसटीआर-१ या विवरणपत्रात कारकुनाच्या हातून एक शून्य जास्त पडलं आणि ४० हजारांचे ४ लाख झाले. शून्याचा शोध भारतीयांनी लावला, त्याचा महसूल कसा करायचा हे खात्यानं शोधलं. मागणी ३ लाख ६० हजारांची.

नोटीस निघाली आणि थेट पोर्टलवर गेली. तिथं ‘नोटिसा व आदेश’ असा रकाना होता, म्हणून ती ‘अतिरिक्त नोटिसा व आदेश’ या दुसऱ्या रकान्यात ठेवली गेली. घरच्या दागिन्यांनाही इतकी सुरक्षित जागा मिळत नाही. उत्तर आलं नाही, म्हणून आदेश निघाला. तोही त्याच तिजोरीत. रावांना पत्ता लागला तो बँकेनं खातं गोठवल्यावर.

उघड चूक दुरुस्त करायला कायद्यात कलम १६१ आहे. मात्र चूक उघड आहे की नाही, हे आदेश काढणारं कार्यालयच ठरवतं. मग उरतं अपील. मुदत तीन महिने, फार तर एक महिना सवलतीचा, आणि दारातच वादग्रस्त कराचे १० टक्के. म्हणजे ३६ हजार सरदेशमुखी. तीही रावांच्या नशिबी नाही, कारण मुदत पोर्टलवरच्या पोर्टलवर संपून गेलेली.

त्यापुढचं अपिली न्यायाधिकरण? कायदा २०१७चा, न्यायाधिकरणाचं उद्घाटन सप्टेंबर २०२५चं. कुंभकोणमचा महामाघम उत्सव बारा वर्षांनी येतो, म्हणून लोक उगाच त्याचं कौतुक करतात.

तेव्हा राव मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाकडे जातात. न्यायालय कनवाळू आहे. नुसतं पोर्टलवर टाकणं म्हणजे माणसाला कळवणं नव्हे, हे त्यानं खात्याला कित्येकदा ऐकवलंय. आदेश रद्द होतो, फेरसुनावणी मिळते. अनेक प्रकरणांत अट एकच, वादग्रस्त कराचे २५ टक्के आधी भरा. म्हणजे ९० हजार. मूळ करच ४० हजारांचा होता, हे रावांनी आता कुणाला सांगायचं?

पैसे बुडत नाहीत, जिंकलात तर परत मिळतात. तुम्ही कर थकवलात तर व्याज वर्षाला १८ टक्के. सरकारनं तुमचे पैसे अडकवले तर त्याहून कमी. सरकारची पत चांगली, म्हणून त्याला कर्ज स्वस्त.

राजा सर टी. माधवराव १८२८ साली याच कुंभकोणमात एका मराठी घरात जन्मले आणि त्रावणकोर, इंदूर, बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. त्रावणकोरात त्यांनी मिऱ्यांची सरकारी मक्तेदारी उठवली. आज असते तर त्यांनाही आधी पोर्टलचा पासवर्ड बदलावा लागला असता.

जुन्या-नव्या चौथाईत फरक एवढाच, की तेव्हा चौथाई दिली म्हणजे घोडेस्वार परत जात. आता चौथाई भरली की प्रकरण परत येतं, त्याच कार्यालयात, त्याच टेबलावर.