चुगलखोर दिवा

वीस-बावीस लाखांची अ‍ॅडव्हेंचर मोटरसायकल घेतलेल्या माणसाला तिच्यात काय काय आहे हे विचारू नये. ते तो न विचारताच सांगतो. विचारायचंच असेल तर हे विचारावं, की हिच्यातलं काय काय बंद करता येतं? मग बघा चेहरा कसा खुलतो. मागच्या चाकाचं एबीएस बंद होतं, ट्रॅक्शन कंट्रोल पार बंद होतं, व्हीली कंट्रोलही बंद होतं. हे सांगताना त्याच्या आवाजात जी ऐट असते, ती हेच सगळं चालू असतं असं सांगताना कधी ऐकलेली नाही.

कंपन्यांनी ही हौस बरोबर हेरली आहे. २०१३ नंतरच्या बीएमडब्ल्यू आर १२०० जीएसला रायडिंग मोडचा जादा पैशांचा संच मिळायचा. त्यातला ‘एन्ड्युरो प्रो’ हा मोड आपोआप उघडत नसे. त्यासाठी सीटखाली एक छोटा कोडिंग प्लग खोचावा लागे. तो खोचला की गाडी तुम्हाला जाणकार मानायची आणि त्या मोडमध्ये मागच्या चाकाचं एबीएस गप्प बसायचं. म्हणजे आधी एबीएसचे पैसे मोजायचे आणि मग ते गप्प करण्याचेही मोजायचे. केटीएमच्या ११९० अ‍ॅडव्हेंचरसाठी एक डोंगल मिळे. चावी बंद करून पुन्हा चालू केल्यावर तुम्ही ऑफरोडचं एबीएस निवडलं होतं हे गाडीने विसरू नये, एवढंच त्याचं काम.

आता यात नुसती मिजास आहे असंही नाही. हिमाचलातल्या ग्राम्फू ते बातल या पट्ट्यात गेलेल्यांना हे सांगायला नको. तिथे रस्ता म्हणजे सुटे गोटे, वाळू आणि मधूनमधून वाहतं पाणी. अशा उतारावर ब्रेक दाबला की चाक जरा अडकायला हवं असतं, म्हणजे चाकासमोर खडीचा छोटा ढीग साचतो आणि गाडी थांबते. एबीएस ते होऊ देत नाही. चाक अडकतंय असं दिसलं की ते ब्रेक सोडतं, पुन्हा धरतं, पुन्हा सोडतं. आणि तोवर गाडी शांतपणे दरीच्या दिशेने निघालेली असते. म्हणून अशा रस्त्याला लागण्याआधी मागचं एबीएस बंद करायचं. पण मध्ये कोणी फोटोला थांबला, चावी बंद झाली, की ते परत चालू. मग निघताना सगळी मंडळी, कोणी हिमालयनवर, कोणी टायगरवर, संध्येला बसल्यासारखी गंभीर चेहऱ्याने एकेका बटणावर अंगठा दाबून दिवा लागायची वाट बघत उभी. मागून आलेल्या टेम्पो ट्रॅव्हलरमधल्या आजींनी एकदा विचारलंही, “काय झालं रे बाळांनो, गाड्या बंद पडल्या का?”

माझ्याकडे स्वतःची हिमालयन ४११ आहे, म्हणजे मोठ्या गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सवर मत द्यायला मी पूर्णपणे पात्र आहे. आमच्या रविवारच्या कंपूत सर्वांत ठाम मतं त्यांचीच असतात ज्यांच्याकडे ती गाडी नाही.

कंपूतले ज्येष्ठ म्हणजे एक निवृत्त अभियंते. सगळे त्यांना काका म्हणतात. घरात साडेतीनशेची जुनी बुलेट आहे, आणि ‘मोटरसायकलीत वायर फक्त हेडलाइटला हवी’ हे त्यांचं ब्रीद. त्या बुलेटला किक मारायचा एक विधी आहे. डिकॉम्प्रेशनचा लिव्हर दाबायचा, किक हलक्या पायाने खाली आणत हेडलाइटवरच्या अ‍ॅम्पीअर मीटरकडे बघायचं. ठिणगीचे पॉइंट उघडले की विजेचा ओढा थांबतो आणि काटा मधोमध येतो. तिथे थांबायचं. लिव्हर सोडायचा, किक जरा पुढे सरकवायची आणि मग सगळं वजन टाकायचं. चुकलं तर किक उलट येते आणि आठ दिवस घोट्याला हळद. काका हे अतिशय देखणं करतात. एकदा कंपूतल्या सर्वांत धाकट्याने विचारलं, “काका, मग तुमचा हा काटासुद्धा गाडीची आतली खबर सांगतोच की.”

“तो सांगत नाही,” काका म्हणाले. “तो दाखवतो. ऐकायचं की नाही ते माझ्यावर.”

मला वाटतं, या सगळ्या वादाचं मर्म काकांनी त्या एका वाक्यात सांगून टाकलं, फक्त त्यांना जे म्हणायचं होतं त्याच्या नेमकं उलट. ते कळलं ते ताम्हिणीत.

आमचे एक दंतवैद्य मित्र आहेत. गाडी नवीकोरी, हेल्मेटच्या हनुवटीला कॅमेरा. पावसाळा संपता संपता पौडवरून ताम्हिणी उतरून गेलो. झाडीखालच्या वळणांवर शेवाळ होतं. खाली मिसळ येईपर्यंत डॉक्टरांनी फोनवर चित्रीकरण लावलं आणि आम्ही सगळे वाकून बघू लागलो. लाइन सुंदर, वेग बेताचा, झुकणं नेटकं. पण कॅमेऱ्यात डॅशही आला होता, आणि त्या डॅशच्या कोपऱ्यात प्रत्येक वळणातून बाहेर पडताना एक पिवळा दिवा लुकलुकत होता. वळण, लुकलुक. वळण, लुकलुक.

“डॉक्टर, दिवाळी लवकर आली का?” कोणीतरी म्हणालं.

तो दिवा ट्रॅक्शन कंट्रोलचा. दोन्ही चाकांच्या हबजवळ एकेक खाचांची रिंग असते आणि शेजारचा सेन्सर खाचा मोजून चाकाचा वेग सांगतो. मागचं चाक पुढच्यापेक्षा जास्त फिरू लागलं म्हणजे ते घसरतंय. मग संगणक इंजिनाचा जोर क्षणभर आवरतो. अलीकडच्या गाड्यांत सहा अक्षांचं मोजमाप करणारं एक यंत्र बसवलेलं असतं, त्याला गाडी किती झुकली आहे तेही कळतं, आणि त्याप्रमाणे किती घसरू द्यायचं हे ठरतं. हे सगळं आपण श्वास घेतो त्याच्या आत उरकतं. एवढं करून ते गप्प बसलं असतं तर डॉक्टरांनी त्याला मुलासारखं जपलं असतं. पण ते दिवा लावतं. ‘साहेब, आत्ता तुम्ही पडला असतात’ असं ते जाहीर करतं, आणि तेही मिसळीच्या टेबलावर.

“रस्ताच खराब होता,” डॉक्टर म्हणाले. पुढच्या रविवारी कॅमेरा चार बोटं वर होता. आभाळ छान आलं होतं.

रायडरांचा राग मदतीवर नसतोच, चुगलीवर असतो. ज्या इलेक्ट्रॉनिक्सला दिवा नाही, त्याबद्दल कोणी कधी तक्रार केलेली मी ऐकली नाही. फ्युएल इंजेक्शनचं बघा. कार्ब्युरेटरच्या जमान्यात लडाखला जायचं तर वर चढता चढता हवा विरळ व्हायची, पेट्रोल मात्र तेवढंच यायचं, आणि गाडी काळा धूर सोडत खोकू लागायची. मग जेट बदला, एअर फिल्टर काढा, वर ज्याला त्याला विचारा. आता सेन्सर हवेचा दाब मोजतो आणि पेट्रोल त्या हिशेबाने सुटतं. खारदुंगला चढून गेलेला माणूस पाटीजवळ छाती फुगवून उभा राहतो. (जुन्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं असायचं, मोजणी १७,५८२ सांगते, पण पाटीशी कोण भांडणार?) त्या छातीत निम्मी हवा इंजेक्शनने भरलेली असते, पण त्याचा दिवा लागत नाही, म्हणून त्याचं नावही कोणी घेत नाही.

काकांना हे पटवायला मी एकदा जुना दाखला काढला. १९८० साली आलेली बीएमडब्ल्यूची आर ८० जी/एस ही या सगळ्या मोठ्या अ‍ॅडव्हेंचर गाड्यांची आजी. ७९७ सीसी, ५० अश्वशक्ती, दोन्ही चाकं हवेत तरंगल्यासारखी उंच. शुद्ध यंत्र म्हणून तिच्याकडे बोट दाखवतात. तिच्यातसुद्धा पॉइंट नव्हते. ठिणगी इलेक्ट्रॉनिकच पडायची. काका म्हणाले, “ती गोष्ट वेगळी.” ती वेगळीच असते. १९८८ साली बीएमडब्ल्यूच्या के १०० ला मोटरसायकलीवरचं पहिलं इलेक्ट्रॉनिक एबीएस बसलं, ते एकटंच अकरा किलोचं होतं. तेव्हाही ‘ब्रेक कसा दाबायचा ते आम्हाला शिकवणार का’ असं म्हणणारे असतीलच, आणि आता आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना ते सक्तीचं झालेलं आहे. परवाच एक मुलगा कौतुकाने सांगत होता, “काही इलेक्ट्रॉनिक नाही हो हिच्यात. फक्त एबीएस आणि इंजेक्शन.”

ज्यांना लपता येत नाही त्यांची मात्र धडगत नाही. होंडाची आफ्रिका ट्विन २०१७ साली आपल्याकडे आली ती डीसीटी घेऊन, म्हणजे क्लचचा लिव्हरच नाही. सिग्नलला शेजारी थांबलेल्या कुणालाही डाव्या हाताकडे बघून ते कळायचं. “मस्त स्कूटर आहे,” असं लोक म्हणायचे. गंमत म्हणजे ती गाडी घाटात चालवून आलेल्याने कधी तक्रार केली नाही, आणि न चालवलेल्यांची तक्रार कधी संपली नाही. आता बीएमडब्ल्यूच्या १३०० जीएसलाही क्लच आपोआप दाबणारी सोय मिळते. डॉक्टरांचं त्यावर मत आहे. अर्थातच गाडी त्यांच्याकडे नाही.

सर्वांत केविलवाणी गत रडारची. २०२० च्या अखेरीला डुकाटीच्या मल्टिस्ट्राडा व्ही ४ ला पुढे आणि मागे रडार बसलं आणि समोरच्या गाडीशी अंतर राखून आपला वेग आपण कमी-जास्त करणारा क्रूझ कंट्रोल मोटरसायकलीवर आला. ते यंत्र मनापासून वापरायचं तर सरळ, रुंद, शिस्तीचा रस्ता हवा. महाराष्ट्रात तसे रस्ते आहेत. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आहे, तिथे दुचाकीला बंदी. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर, तिथेही बंदी. अटल सेतू, बंदी. म्हणजे वीस लाखांचं रडार घेऊन माणूस जुन्या हायवेवर कामशेतच्या बाजारातून निघतो. समोरच्या ट्रकपासून गाडी समंजसपणे अंतर राखते, आणि त्या अंतरात आधी एक रिक्षा येते, मग एक ट्रॅक्टर, मग ज्याला कुठेच जायचं नाही असा एक बैल. गाडी प्रत्येकाला मान देऊन वेग कमी करते. थोड्या वेळाने ती उलट्या दिशेने चालली आहे असा भास होतो. शिवाय आरशात एक दिवा असतो, मागून कोणी न दिसणाऱ्या कोपऱ्यात आलं की लागणारा. पुण्यात तो विझल्याचं कोणी पाहिलेलं नाही.

एका गोष्टीवर मात्र आमच्या कंपूत पूर्ण एकमत आहे. ती म्हणजे थांबल्यावर आपोआप खाली बसणारी गाडी. हार्ले-डेव्हिडसनच्या पॅन अमेरिकाने २०२१ मध्ये ही सोय आणली. १३०० जीएसमध्ये सीट तीन सेंटिमीटर उतरते. तीन सेंटिमीटर म्हणजे काय हे पाच फूट पाच इंचांच्या माणसाने, मागे भरलेली पॅनियर लावून, एका बाजूला उतरता असलेल्या पेट्रोलपंपावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. अडीचशे किलोची गाडी तिथे पडते ती वेगामुळे पडत नाही, टाच टेकत नाही म्हणून पडते. ही सोय डोळ्यांना दिसत नाही, तिला आवाज नाही, आणि ती तुम्हाला ठेंगणं म्हणत नाही. काकासुद्धा म्हणाले, “हे बरंय.”

वाटेत गाडी बिघडली तर दुरुस्त कोण करणार, या भीतीचा मुद्दा मात्र मी हसण्यावारी नेत नाही. अभिनेते इवान मॅक्ग्रेगर आणि चार्ली बुअरमन २००४ मध्ये मोटरसायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले तेव्हा मंगोलियात त्यांच्या कॅमेरामनच्या जीएसची फ्रेम तुटली. वेल्डिंग करून भागलं नाही. गाडी ट्रकवर चढली आणि त्याने तिथेच एक साधी रशियन इझ मोटरसायकल विकत घेऊन पुढचा रस्ता धरला. हा दाखला काकांना तोंडपाठ आहे. ती इझ पण वाटेत सारखी बंद पडत होती, हा भाग ते सांगत नाहीत. पण एवढं खरं, की बुलेट कुठल्याही गावात स्क्रूड्रायव्हरवाला उघडून बघायचा. आता सेन्सर रुसला तर लॅपटॉप लावून कोड वाचावा लागतो, आणि तो लॅपटॉप पुण्यात असतो. मनालीच्या अलीकडे एका मित्राच्या गाडीचा इंजिनाचा पिवळा दिवा लागून राहिला. गाडी धावत होती ठीक, पण माणूस धास्तावला. तिथल्या मिस्त्रीने गाडीभोवती एक चक्कर मारली, इंजिन ऐकलं, खिशातून काळी टेप काढली आणि नखाएवढा तुकडा दिव्यावर चिकटवला. “अब ठीक है,” तो म्हणाला. मित्र उरलेला सगळा प्रवास निर्धास्त होता.

एवढ्या सगळ्या चर्चेत मागे बसणाऱ्यांना कोणी विचारत नाही. डॉक्टरांच्या गाडीला मागच्या सीटलाही हीटर आहे, त्याचा खटका वेगळा, मागच्याच्या हाताशी. महाबळेश्वरला जाताना पसरणीच्या पायथ्याशी डॉक्टर थांबले, हातमोजे सारखे केले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “ट्रॅक्शन काढून टाकतो जरा. घाटाची मजा घेऊ.”

वहिनींनी हेल्मेटची काच वर केली. “काढा की. पण आधी मला उतरवा. आणि माझा हीटर चालू राहू द्या.”