पायडल मागे, कप पुढे

अहो वहिनी, जरा कुंपणापाशी या. सकाळपासून ठोकाठोक ऐकू येतेय ना, ते बांधकाम नाही हो. आमच्या ह्यांनी मामंजींची जुनी ॲटलस सायकल जिन्याखालून बाहेर काढलीय. रिटायर झाल्यापासून हाताला काम हवंच होतं, ते सापडलं! व्हरांडाभर पेपर पसरलेत, त्यावर नटबोल्ट, ग्रीसचा डबा आणि मधोमध माझी सांडशी. काल बाईंनी केर काढला, तर ह्यांनी सुपली हिसकावून घेतली. का, तर छर्रे गेले असतील! मागच्या चाकात एका बाजूला नऊ, दुसऱ्या बाजूला नऊ. सतराच भरले म्हणून जेवायला बसेनात.

म्हटलं, मिळाला तरी तो जुना घालूच नका. पाव इंची छर्रे दुकानात मुठीनं मिळतात, सगळेच नवे घ्या. झिजलेल्यात नवा मिसळला की सगळा भार त्या एकट्यावर येतो. तर म्हणाले, "तुला काय कळतंय?" मला! वाईला आमच्या अप्पांचं सायकलचं दुकान होतं हे ह्यांना लग्न ठरताना कळलेलं, पण लक्षात कुठे राहायला? तासावर भाड्यानं सायकली, पंक्चर, आऊट काढणं, ओव्हरहॉलिंग, सगळं आमच्या ओट्यावर चालायचं. पाढ्यांच्या आधी मी पान्यांचे नंबर शिकले.

आता पहिला घोळ ऐका. क्रँक काढायचा होता. क्रँकला कॉटर पिन असते ना, पाचरीसारखी एका बाजूनं तासलेली, ती बसली होती घट्ट. हे आपले छोट्या हातोडीनं टकटक, टकटक. तासभर. टकटक केली की पिनेचं टोक फुलतं, मग ती भोकातून जाणार कशी? अप्पा क्रँकखाली लोखंडी पाइपचा तुकडा उभा रोवायचे, पिनेचं डोकं पाइपच्या तोंडात येईल असा. म्हणजे दणका छर्र्यांना न बसता जमिनीत जातो. नट पुरता काढायचा नाही, आट्यांच्या टोकाशी बरोबरीत आणून ठेवायचा, म्हणजे आटे चेपत नाहीत. मग मोठा हातोडा आणि एकच घाव. बसवताना नवीच पिन घ्यायची, कानशीनं तासून. आणि दोन्ही पिना उलट सुलट, एकीचा नट वर तर दुसरीचा खाली. तसं केलं नाही तर दोन्ही पायडलं एका रेषेत येत नाहीत, चालवताना पाय लचकत राहतो.

हो, सांगितलं की. पण बायकोनं सांगितलेलं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मित्रानं सांगितलेलं, यातलं काय ऐकायचं असतं ते तुम्हाला माहितीये.

मग पायडल. उजवं निघालं, डावं हलेना. पान्याला पाइप जोडून हे त्यावर अक्षरशः लटकले. मी चहा घेऊन आले तर पाहते काय, सोडवायच्या ऐवजी आवळतायत! डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हो. चालवता चालवता ते आपोआप सुटू नये म्हणून केलेली सोय आहे ती. अप्पांनी आम्हा पोरांना सोपं करून सांगितलेलं. डावंउजवं डोक्यात धरायचंच नाही. पाना पायडलच्या दांड्यावर उभा लावायचा आणि मागच्या चाकाकडे ओढायचा. दोन्ही बाजूंना हेच. आणि क्रँकच्या आसाचे छर्रे धरणारे जे कप असतात, ते मात्र दोन्ही पुढच्या चाकाकडे सुटतात, कारण तिथे उजव्या कपाचे आटे उलटे. पायडल मागे, कप पुढे. एवढं पाठ असलं की अर्धी अडकलेली सायकल सुटते. आपण ज्याला गंज म्हणतो ना, तो पुष्कळदा गंज नसतोच, आपणच उलटं फिरवत असतो.

खरा गंज असला तर घाई चालत नाही. गंजलेला नट रुसलेल्या जावयासारखा, जोर केला की जास्तच घट्ट बसतो. अप्पा संध्याकाळी रॉकेल सोडून ठेवायचे, सकाळी एक ठोका, पुन्हा रॉकेल. आता रॉकेल कुठलं मिळायला, पण गंज सोडवायचा स्प्रे हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. ह्यांनी काय घातलं माहितीये? माझं खोबरेल! थंडीत गोठतं ते. एरवीही चेनवर माती धरून बसतं.

अहो, त्यात भाचा आला आपली गिअरची सायकल घेऊन. सीट खाली करायचीय म्हणे, दांडा हलत नाही. फ्रेम लोखंडाची, दांडा ॲल्युमिनियमचा. दोन धातू एकाला एक लागलेले, त्यात पुण्याचा पाऊस. ॲल्युमिनियम आतल्या आत गंजून फुगतं आणि नळीला धरून बसतं. हे लगेच गॅसची शेगडी घेऊन हजर! म्हटलं थांबा. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. बाहेरचा नट तापवला तर तो सैल होतो हे खरं, पण इथे फुगणारं आत आहे. इथे बर्फ लागतो. सायकल उलटी करून खालून तेल सोडायचं, एक रात्र ठेवायचं, मग दांड्यावर बर्फ धरायचा. दांडा व्हाइसमध्ये पकडून फ्रेमच फिरवायची. आधी पिळायचं, ओढायचं नंतर. तरी नाही निघाला तर दुकानात न्यायचं. भाचा म्हणतो, "मामी, कॉस्टिक सोड्यानं विरघळतो." विरघळतो बाबा, पण रटरटतो, हायड्रोजन सुटतो, आणि थेंब डोळ्यात गेला तर डोळाच जायचा. मोरीतला डबा मी कपाटात टाकून कुलूप लावलंय.

आणि कुणाला सांगू नका हं, पण त्या कोपऱ्यावरच्या बंगल्यात याहून भारी झालं. त्यांनी रिम बदलायची म्हणून मागच्या चाकाच्या चाळीसच्या चाळीस तारा कापल्या. हातात काय उरलं? नुसता हब आणि त्यावर बसलेलं फ्रीव्हील. ते आता काढणार कसं? पायडल मारून मारून वर्षानुवर्षं आवळत गेलेलं असतं ते. चाक अख्खं असतं तेव्हा फ्रीव्हीलचा पाना व्हाइसमध्ये धरायचा आणि मोटारीचं स्टिअरिंग फिरवतात तशी रिम दोन्ही हातांनी डावीकडे फिरवायची, पोरसुद्धा काढेल. आधी फ्रीव्हील, मग तारा. बसलेत आता हब धरून!

ह्यांना बोललं की ह्यांचं एकच उत्तर, राइट बंधूंचंही सायकलचंच दुकान होतं. होतं ना, अमेरिकेत डेटनला. १९०३ च्या त्यांच्या विमानाचे पंखेसुद्धा साखळीवरच फिरायचे. पण त्यांनी आधी वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांच्या सायकली दुरुस्त केल्या, मग विमान. म्हटलं, तुम्ही आधी ते डावं पायडल काढा.

पण खोटं कशाला बोलू, सायकल आहे सोन्यासारखी. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला, तोही जागतिक सायकल दिनालाच. तरी हिचं काही अडणार नाही. या काळ्या उभ्या सायकली कुठल्याही कंपनीच्या असोत, मापं बहुतेक सारखीच. अठ्ठावीस दीडचा टायर, अर्ध्या इंची कडीची चेन, तीच कॉटर पिन. सुटा भाग पेठेत आजही मिळतो, आणि फार महाग नाही. नव्या सायकलींचं तसं नाही. एकीचं दुसरीला बसेल तर शपथ.

म्हणून सांगते, तुमच्याही जिन्याखाली भाऊजींची ती हंबर सायकल उभी आहे ना, भंगारवाल्याला देऊ नका. आज रात्री पायडलांच्या मुळाशी, पिनांवर आणि सीटच्या दांड्याशी तेल सोडून ठेवा. उद्या पंधरा नंबरचा पाना घेऊन मी येते. आणि हो, भाऊजींना तोवर हातोडा सापडू देऊ नका.